एक कोतवाल, दोन दवंड्या

भागरथाबाईंनी द्रोणातलं एक अंडं उचललं, डाव्या अंगठ्याच्या नखावर ठेवलं आणि उजव्या नखाने दाबलं. ढेकूण मारतात तसं. टच्च आवाज झाला, पण आतून काही निघालं नाही. ना पाणी, ना अळी, ना वास.

"फुसकं," त्या म्हणाल्या.

दुसरं उचललं. "फुसकं." तिसरं. "हेबी फुसकं." मग बीजघरात, म्हणजे कोसाची अंडी धरायच्या खोलीत, मांडलेल्या पानांच्या द्रोणांच्या रांगांवरून त्यांनी नजर फिरवली आणि आमच्या मॅडमकडे वळल्या. "काहो बाई, तुमी आमाले हवा देल्ली का?"

मॅडम म्हणजे डॉक्टर अन्नपूर्णा केळुसकर. मूळच्या वेंगुर्ल्याच्या, शिकल्या कुठेकुठे, आणि येऊन पडल्या आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या टसर केंद्रात. मी तिथला क्षेत्र सहायक, सदाशिव वैरागडे. काम काय, तर मॅडम जे मराठी बोलत ते गावकऱ्यांना मराठीत सांगायचं आणि गावकरी जे मराठी बोलत ते मॅडमना मराठीत सांगायचं. या कामाला सरकारदरबारी नाव नव्हतं. पण मी नसलो की दोन्हीकडचे लोक एकमेकांकडे बघून नुसते हसत बसत.

त्या सकाळी कुणीच हसत नव्हतं.

"भागरथाबाई, मी शोधते काय झालं ते," मॅडम म्हणाल्या.

"तुमी काहाले शोधता? मले मालूम हाये." भागरथाबाईंनी नख पदराला पुसलं. "माह्या सुनेची सावली पडली यायच्यावर. तिची कूस तशी हे अंडे. नऊ वर्स झाले, पारना हालला नायी. आता दसऱ्याले तिचा भाऊ येते. त्याच्यासंग धाडून देतो. मंग डोमासाठी दुसरी पाहू."

एवढं बोलून बाई निघून गेल्या. मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. हे मराठी भाषांतर न करताही त्यांना समजलं होतं.

"वैरागडे, ही अंडी माझ्यामुळे फुसकी आहेत हो. त्या मुलीचा काय संबंध?"

मी म्हणालो, "मॅडम, संबंध मी सांगतो, पण मग पहिल्यापासून सगळं सांगावं लागेल."

तुम्हालाही सांगतो. टसर रेशमाला आमच्याकडे कोसा म्हणतात. ही अळी घरात टोपलीत वाढणारी नाही. तिला जंगलातलं ऐनाचं उभं झाड लागतं. झाडावर सोडायची, झाडावर राखायची, आणि ती पानात स्वतःला गुंडाळून सुपारीसारखा टणक कोष करते तोवर पाखरांशी, मुंग्यांशी आणि रोगांशी भांडत बसायचं. आमच्या झाडीपट्टीत हे काम ढिवरांचं. तळ्यातला मासा त्यांचा आणि जंगलातला कोसाही त्यांचा. मात्र किडे झाडावर चढले की कोसेवाल्याला व्रत लागतं. केसांना तेल नाही, फणी नाही. ढिवराच्या जातीने मासा तोंडात घालायचा नाही. बायकोला शिवायचं नाही, आणि बायकांनी त्या जंगलात पाऊल टाकायचं नाही. पीक निघालं की लोक घरी जातात, अंघोळ करतात, मासा खातात, आणि पुढच्या पिकाला परत जंगलात. वर्षातून तीन पिकं.

भागरथाबाईंचा मुलगा डोमा नान्हे मात्र मधल्या सुट्टीलाही घरी जात नसे. पावसाळ्यात जंगलात शिरला की संक्रांतीलाच बाहेर. लोक त्याला मानत. "डोमाचं व्रत लय कडक," म्हणत.

अशा माणसाकडे मॅडमनी आपला नवा वाण दिला होता. नाव ठेवलं होतं अभया. कोसाच्या अळीला एक भयंकर रोग होतो. धडधाकट अळी एका दिवसात ढिली पडते, डोकं खाली करून फांदीला लोंबते आणि हात लावला की नुसतं पाणी. मॅडमनी पिढ्यामागून पिढ्या निवडून निवडून अशी अळी काढली होती की जिला तो रोग शिवतच नव्हता.

पहिलं पीक मी बघायला गेलो तेव्हा श्रावणाची दुपार होती. ऐनाच्या खोडांवर ऊन आणि धुकं एकदमच उतरलं होतं, म्हणजे एका फांदीवर ऊन आणि तिच्या शेजारच्या फांदीवर धुकं. आसपासच्या सगळ्या कोसेवाल्यांचे किडे मरून लोंबत होते. डोमाच्या झाडांवर मात्र बोटाएवढ्या हिरव्या अळ्या खात बसलेल्या. पानं खाण्याचा आवाज असा, की मी छत्री उघडली. शपथेवर सांगतो, डोमा मचाणावरून हसायला लागला तेव्हा मला कळलं की पाऊस नाहीच.

त्या अळीच्या कुशीवर चंदेरी टिकल्या असतात, अगदी आरशासारख्या. एका अळीकडे वाकून पाहिलं तर टिकलीत माझं तोंड, एवढंसं, मोहरीएवढं. पुढच्या टिकलीत पुन्हा मी. डोमा म्हणाला, "बाबू, कालच्याला एक अस्वल आलं होतं. किडे खावाले. त्यानं टिकलीत आपलं तोंड पायलं अन् लाजून चाललं गेलं."

मी म्हणालो, "खोटं."

"तुमी काहाले अस्वलाच्या अब्रूवर जाता?" डोमा म्हणाला.

मी मचाणावर त्याच्या शेजारी आडवा झालो आणि मला झोप लागली. त्या झोपेत मला वाटलं की आपणही कुणीतरी पानात गुंडाळून ठेवलेले आहोत, बाहेर जग चालू आहे, आणि आपल्याला कुणी काही विचारणार नाही. जागा झालो तर डोमा तसाच बसलेला, गावाकडे पाठ करून.

कोष निघाले ते असे की हातात मावेनात. बीजघरात त्यांच्या माळा टांगल्या. महिन्याने पतंग बाहेर आले. तळहाताएवढे, पिवळसर तांबडे, आणि प्रत्येक पंखावर एक गोल काच. खरोखर आरपार दिसतं तिच्यातून. या पतंगाला देवाने तोंडच दिलेलं नाही. खाणं नाही, पिणं नाही, जन्माला यायचं ते फक्त जोडीदार शोधायला. मादीचा वास नराला कोसभर अंतरावरून येतो. एकदा मी एका मादीला दोऱ्याने जीपच्या आरशाला बांधून साकोलीहून निघालो, तर संध्याकाळच्या उजेडात मागे नरांची वरात. वडाच्या नाक्यावर पोलिसाने थांबवलं आणि विचारलं, "नवरी कोण?"

असो. नर-मादी जमले, माद्यांनी अंडी घातली, अंड्यांना रंग-रूप चांगलं होतं. पण एकातूनही अळी निघाली नाही. आधी सांगितलं त्या सकाळी भागरथाबाईंनी तीच नखावर पिचून पाहिली.

मॅडम तेव्हापासून प्रयोगशाळेत शिरल्या त्या जेवायलाही बाहेर आल्या नाहीत. मी डबा घेऊन गेलो तर सूक्ष्मदर्शकावरून मान वर न करता म्हणाल्या, "वैरागडे, सापडलं. बसा."

मी बसलो.

"शरीरात एक प्रथिन असतं," त्या म्हणाल्या. "ते स्वतः काहीच करत नाही. कापत नाही, जोडत नाही, पचवत नाही. त्याला फक्त दोन हात आहेत." त्यांनी दोन्ही हात पसरले. "पेशीच्या दारावर रोगजंतूची चाहूल लागली, की हे एका हाताने दाराला धरतं आणि दुसऱ्या हाताने आतल्याला. दारावरचा निरोप आत पोचतो, आणि आत जंतू मारायची तयारी सुरू होते. निरोप पोचवणं, बस. माझ्या अभयामध्ये हे प्रथिन सतत दाराला चिकटलेलं असतं. रोग असो वा नसो. म्हणून ती आजारी पडत नाही."

"मग चांगलंच की."

"मलाही तसंच वाटलं. पण तेच प्रथिन मादीच्या अंडाशयातही लागतं. तिथे वेगळा निरोप. 'अंडं भर, पिकव.' मी आत्ता बघितलं. अंडाशयातलं सगळंच्या सगळं दाराशी जाऊन चिकटलंय. अंड्याला कवच आलं, पण आत भरा म्हणून सांगायला कुणी उरलंच नाही."

"म्हणजे कोतवाल," मी म्हणालो.

"कोण?"

"गावचा कोतवाल, मॅडम. त्याला अधिकार काही नाही. तो फक्त दवंडी देतो. चोर आले तरी तोच ओरडणार आणि कुणाच्या घरी बाळंतपण निघालं तर सुईणीला बोलवायलाही तोच धावणार. तुमच्या गावातला कोतवाल बारा महिने वेशीवर उभा राहून 'चोर! चोर!' करतोय. सुईणीला कोण बोलवणार?"

मॅडमनी पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला. "वैरागडे, हे तुम्ही त्यांना सांगाल? दसऱ्याच्या आत?"

"मी सांगेन. पण चूक तुमची आहे, ते तुम्हीच सांगायचं. अधिकारी तसं म्हणाला तरच लोक विश्वास ठेवतील."

"का?"

"असं आजवर कुणी ऐकलेलंच नाही ना, म्हणून."

दसऱ्याच्या सकाळी मी आधी जंगलात गेलो. म्हटलं, डोमाच बैठकीला हजर असला तर बरं. तो रिकाम्या ऐनांखाली मचाणावर बसला होता. एकही किडा झाडावर नाही, आणि हा गोफण मांडीवर घेऊन राखण करतोय.

"डोमा, काय राखून राहिलास?"

"झाडं."

"झाडं कोण चोरून नेतो? चल गावात. तुझी बायको आज माहेरी चालली. कायमची."

त्याने गोफणीच्या दोरीला गाठ मारली, सोडली. "व्रत मोडते, बाबू."

"पीकच नाही तर व्रत कशाचं?"

वर ऐनाचं एक पान सुटलं आणि असं सावकाश आलं, की मला वाटलं ते येता येता कुठेतरी मुक्कामाला थांबणार.

"जाऊ द्या तिले," डोमा म्हणाला. "सुटंल बिचारी. मी घरी असलो ना बाबू, तं दर महिन्याले तिचं तोंड पावं लागते. ती काही बोलत नायी. चुलीजवळ बसून रायते. गावात मानसं पुसतात, 'काय डोमा, काही खबर?' अठी कोनी पुसत नायी. किड्याले तोंडच असते खावाले, पुसाले नसते."

"तुला ती नकोय का?"

"नको असती तं गावातच रायलो असतो," तो म्हणाला, आणि गावाकडे पाठ करून बसला.

मी एकटाच परतलो.

नान्ह्यांच्या अंगणात बाज टाकली होती. बाजेवर मॅडम, खाली सतरंजीवर चारदोन कोसेवाले, त्यात लटारू दिघोरे. या लटारूचे सगळे किडे श्रावणात मेले होते, त्यामुळे डोमाची अंडी फुसकी निघाल्याचं सांत्वन त्यालाच सगळ्यात जास्त झालं होतं. डोमाच्या बायकोचा, कौतिकाचा, भाऊ भिंतीला टेकून उभा होता. आणि दाराच्या चौकटीत कौतिका. हातात गाठोडं, नवं लुगडं, आणि चेहरा असा की जणू ती दुसऱ्याच कुणाला तरी पोचवायला निघाली आहे. भागरथाबाई उंबऱ्याजवळ तांदूळ निवडत बसल्या होत्या.

मॅडम उभ्या राहिल्या. "अंडी फुसकी निघाली ही माझी चूक आहे," त्या म्हणाल्या. "मी वाण चुकीचा निवडला. कौतिकाबाईंचा काही दोष नाही."

लटारूने कानात बोट घालून फिरवलं. "बाबू, का मनते म्याडम?"

"चूक माझी, असं म्हणतात."

"हे तं मले बी समजलं. खरंच मनते का, ते पुसतो."

मी कोतवाल काढला. तुम्हाला वर सांगितला तेवढाच नाही हं. मी त्याला पागोटं दिलं, काठी दिली, त्याच्या पायात एक वहाण दिली आणि एक हरवलेली. म्हणालो, "अळीचं अंग म्हणजे एक गाव. त्या गावात एकच कोतवाल. मॅडमनी यंत्रातून आत पाहिलं तर हा गडी वेशीवर उभा. गावात बाळंतीण अडलेली, नवरा धावत येतो, 'कोतवाल, सुईणीला बोलाव.' कोतवाल म्हणतो, 'हट! चोर येईल.' चोर तर कुठेच नाही. वर्षं गेली, चोर आला नाही, पण कोतवाल हलला नाही. मॅडमनी हाका मारल्या यंत्रातून. त्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही."

मॅडमनी हळूच माझ्या पायावर पाय दिला. मी म्हटलं, "बरं, हाका मारल्या नाहीत. पण वळून पाहिलं नाही हे खरं."

"म्हंजे गाव मजबूत," लटारू म्हणाला, "अन् पारने रिकामे."

"बरोबर."

"मंग कौतिकाच्या सावलीचं का?"

"लटारूभाऊ, बायकांनी जंगलात जायचं नाही हा नियम कुणाचा?"

"आमचा."

"कौतिका कधी गेली?"

"नायी."

"मग सावली पोचली कशी? एसटीने?"

लोक हसले. लटारू हटणारा नव्हता. "डोमा मनात आनते ना तिले. मचानावर बसून. मनातली सावली त्याच्याहून वाईट."

कौतिकाने दारातून लटारूकडे बघितलं. त्या घरात नऊ वर्षांत तिच्याबद्दल कुणी चुकून का होईना, इतकं चांगलं बोललं नसावं. तिने पदर डोळ्यांना नाही, ओठांना लावला.

तेवढ्यात भागरथाबाईंनी सूप खाली ठेवलं. "बाबू, म्याडमले पुसा. कोतवाल एकच काहून? दोन ठेवा मना. एक वेशीवर, एक गावात."

मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "तसं करता येत नाही, बाई. निसर्गाने एकालाच दोन्ही कामं दिलीयत. जिकडून आधी बोलावणं येईल तिकडे तो जातो."

"अन् आधी कोन बोलावते?"

मॅडमकडे याचं लांबलचक शास्त्रीय उत्तर असणार, मला दिसत होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावरून सरकत गेलं. मग त्या एवढंच म्हणाल्या, "भीती."

याचं भाषांतर मी केलं नाही. गरजच पडली नाही.

भागरथाबाई जंगलाच्या दिशेने बघत होत्या. घरांपलीकडे तळं, तळ्यापलीकडे ऐनांची निळसर रेघ. पाण्यावर तिची सावली पडली होती आणि वाऱ्याने ती हळूहळू मोडत होती. तांदळातला एक खडा त्यांच्या बोटात होता, तो त्यांनी फेकला.

"पोरा," त्या कौतिकाच्या भावाला म्हणाल्या, "दसरा हाये. सोनं घे, जेव, अन् सांजच्याले आपल्या गावाले जा."

"अन् कौतिका?" भाऊ म्हणाला.

"रायते."

"काहून?" लटारूने विचारलं.

"मले वाटलं म्हून. तुह्या बापाचं का चाललं?" त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "कौतिका, गाठोडं ठेव. चुलीवर भात करपून रायला."

भात करपत नव्हता. वास मलाही आला असता. पण कौतिका आत धावली.

आम्ही निघताना भागरथाबाई जीपजवळ आल्या. "म्याडम, तुमचे ते साधे अंडे हायेत का? जे मरतात बी अन् पोरं बी देतात?"

"आहेत," मॅडम म्हणाल्या.

"तेच द्या."

पंधरवड्याने मी साध्या वाणाचे किडे कसे आहेत ते बघायला जंगलात गेलो. दिवाळीच्या अलीकडचे दिवस. सकाळचं ऊन अजून थंड होतं. ऐनाच्या पानांवर कोळ्यांची जाळी, आणि जाळ्यांवर इतकं दव, की प्रत्येक झाडाने जणू कुणाच्या लग्नाला जायची तयारी केली होती. अळ्या खात होत्या. दोनचार मरून लोंबत होत्या. बाकीच्या खात होत्या.

मी मचाणाखाली उभं राहून हाक मारली, "डोमा!"

वरून एक दगड सूं करून माझ्या टोपीवरून गेला आणि पलीकडच्या फांदीवरचा कावळा उडाला.

"डोमा घरी हाये," वरून आवाज आला.

मचाणावर भागरथाबाई. केस विस्कटलेले, तेलाचा थेंब नाही, हातात गोफण. मी दोन पावलं मागे सरलो.

"बाई! बायकांनी या जंगलात..."

"कोन्ती बाई? माह्यात आता बाई कोठी रायली, बाबू?" त्यांनी पाय खाली सोडले. "व्रत पायजे ना किड्याले? म्हातारा गेला तवापासून मी व्रतातच हावो. तेल नायी, मासा नायी. मले कोनी पुसलं नायी म्हून कोनाले मालूम नायी."

"लटारू काय म्हणाला?"

"तो मने किडे मरतीन. म्या मनलं, तुहे तं तू असूनबी मेले."

"आणि डोमा गेला मुकाट्याने?"

"मुकाट्यानं कायचा! मने माय, व्रत मोडते. म्या गोफन घेतली अन् मनलं, उतर." त्या गोफणीत नवा दगड बसवू लागल्या. "भेला होता पोट्टा. नऊ वर्सापासून भेलेला. मी समजो, देवभोळा हाये. मी तं गावात सांगत फिरो, माह्या पोराचं व्रत कडक. अन् बोल लावला कोनाले, तं तिले." दगड बसला. "तुमच्या त्या कोतवालाले दोन कामं हायेत मनता ना? माह्या पोराले बी दोन. त्यातलं एक म्या घेतलं. निसर्गानं मले नको मनलं नायी."

माझं काम इकडचं तिकडे सांगायचं, आणि इथे सांगायला दुसरी बाजूच उरली नव्हती. हे मी नंतर मॅडमना सांगितलं तेव्हा त्या सूक्ष्मदर्शकावर डोळा लावून बसल्या होत्या आणि बराच वेळ तशाच बसून राहिल्या. खाली काचेवर काही ठेवलेलं नव्हतं, हे मी पाहिलं.

पण ते नंतर. त्या सकाळी आम्ही बोलतोय तोवर पायवाटेवर पावलं वाजली. जंगलाच्या हद्दीला एक काळा दगड होता, तिथपर्यंतच बायकांनी यायचं. त्या दगडाशी कौतिका उभी होती. डोक्यावर भाकरीची टोपली. तिने ती उतरवून दगडावर ठेवली आणि दोन पावलं मागे सरून थांबली. ती बदलली होती म्हणावं तर तसं काही दिसत नव्हतं. फक्त केसांत तिने शेवंतीचं एक फूल घातलं होतं, आणि ते कुणी बघेल म्हणून हाताने झाकलं होतं.

भागरथाबाईंनी मचाणावरून डोळे बारीक केले.

"कौतिका! डोमा घरी हाये का?"

"हव, माय."

"जेवला?"

"हव."

"निजला का उठला?"

"आंगनात बसून हाये. दाराकडं तोंड करून."

सूं करून दगड गेला. या वेळी कुठे कावळा नव्हता.

"मंग तू अठी काहाले उभी रायली वं बेटा?" सासू जंगलभर ओरडली. "पळ ना घरी!"